हाकेविना उघडणारं शटर

मित्रांनो, मी शटर उघडणारी एक जुनी मोटर आहे. अकोल्यात, जठारपेठेजवळच्या एका घरात, गाडीच्या खोलीत माझा मुक्काम. कारखान्यात माझ्या अंगात तांब्याच्या तारा गुंडाळल्या जात होत्या, तेव्हा वाटायचं, आपल्या वाट्याला एखादं झगमगतं दुकान येणार. वाट्याला आली भावनाताईंची लाल तीनचाकी स्कूटर!

भावनाताई मुलींच्या शाळेत संगीत शिकवतात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्या कुबड्या घेऊन चालतात. घरात त्या आणि त्यांचे वडील देवमनजी, दोघंच. देवमनजी एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. माझ्याआधी रोज सकाळी ताई हाक मारायच्या, "बाबा, शटर!" आणि देवमनजी एका दमात ते वर ढकलायचे. मी आले आणि ती हाक बंद झाली. ताई स्कूटरवर बसत, रिमोट दाबत, मी शटर वर घेई आणि त्या भुर्रकन निघून जात. "हे माही मैत्रीण," असं त्या आल्यागेल्याला सांगत. फुगायला मला तेवढं पुरे होतं.

वर्षं गेली. शटरच्या पट्ट्यांत धूळ साचली, माझ्या साखळीला तेल घालायचं राहून गेलं. मी खडखड करून सांगत होते, पण घरातल्यांना त्या आवाजाची सवय झाली. मग एका सकाळी शटर गुडघाभर उचललं आणि माझ्या पोटात काहीतरी कडकन तुटलं.

"बाबा, शटर!" ताईंनी हाक मारली.

देवमनजी चहा टाकून धावत आले. मला शटरपासून मोकळं करून त्यांनी ते असं उचललं, जणू जत्रेतली कुस्ती मारली!

"मेकॅनिकले बोलावते," ताई म्हणाल्या.

"कायले? आता नवीच घेऊ. चार दुकानं पाहू, घाई कायची? तवर मी हाओ ना!"

नवी मोटर काही येईना. आज दुकान बंद, उद्या ऊन फार. देवमनजी मात्र रोज मिशीला पीळ देत शटर उचलत. मला आधी त्यांचा राग आला. मग कळलं, कितीतरी वर्षांनी लेकीची हाक त्यांच्या कानावर पडत होती, आणि ती त्यांना सोडवत नव्हती.

शाळेच्या गॅदरिंगचा दिवस उजाडला. मुलींच्या नाटकाला ताई पेटी वाजवणार होत्या. त्या नवी साडी नेसून, हेल्मेट घालून स्कूटरवर बसल्या.

"बाबा, शटर!"

पण देवमनजी सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला बाजारात गेले होते आणि मोबाइल घरात चार्जिंगला वाजत होता. आता येतील, मग येतील, असं करत ताई अंधारात बसून राहिल्या. शाळेतून फोन आला, "मॅडम, पडदा उघडला!" रडू आवरत त्या एवढंच म्हणाल्या, "सुरू करा. पोरींनो, ताल सोडू नका." मी तिथंच होते, पण मला जागचं हलता येत नव्हतं.

देवमनजींनी बाहेरून शटर उचललं. हातात सांबाराची जुडी, समोर हेल्मेट घालून बसलेली लेक.

"अवो, रिक्षा करायची ना!"

"तुमी आता येसान, आता येसान, म्हणून बसली. बाबा, मले मदत नको असं नाही. पण घराबाहेर निघायसाठी मले कोणाची वाट पाहा लागू नये."

ताई गेल्या. त्यांना शेवटचं गाणं तेवढं मिळालं. इकडे देवमनजी पायरीवर बसले आणि त्यांनी स्वतःच मेकॅनिक अब्दुल सत्तारभाईंना फोन लावला.

सत्तारभाईंनी मला खोलून पाहिलं. "गिअर घिसून तुटला हाय. बाकी मोटर ठीक हाय. नवी बसवू का दुरुस्त करू?"

"नवी कदी भेटन?"

"आठवडा तरी लागन."

"अन् दुरुस्ती?"

"आजच होते."

"मंग आजच करा," देवमनजी म्हणाले. "उद्या माह्या पोरीले कार्यक्रमाले जायाचं हाय."

संध्याकाळी नव्या गिअरनं मी शटर उचललं, तेव्हा साखळीला देवमनजींनीच तेल लावलं होतं. दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ होता. ताईंनी रिमोट दाबला, शटर उघडलं, पण स्कूटर हलली नाही.

"बाबा, या ना, बसा मांगं. पोरींचं गाणं आयका."

"ड्रायव्हरले मांगं बसवतं काय?" म्हणत देवमनजी लगबगीनं बसलेसुद्धा! गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्या सूचना मला ऐकू येत होत्या, "हॉर्न मार! खड्डा हाय! हळू घे!" आणि त्यावर ताईंचं खळखळून हसणं.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना वेळच्या वेळी तेल द्या, आमची खडखड ऐका. आणि आम्ही बिघडलो, तर दुरुस्त करायचं की बदलायचं, हे आमच्यावर ज्याचा दिवस अवलंबून आहे त्याला आधी विचारा. भावनाताईंना कोणी विचारलं असतं आणि त्यांचं ऐकलं असतं, तर मुलींच्या पहिल्या गाण्यालाही पेटीची साथ मिळाली असती.