‘काटा आणि कार्टा’चा सोफा

‘काटा आणि कार्टा’ ही भंगारवाल्या बापलेकाची मालिका माझ्या जन्माआधीच संपली. यवतच्या आमच्या भंगाराच्या दुकानात मात्र ती कधी संपलीच नाही. त्यातला बाप सोफ्यावर बसून पोराचा पाणउतारा करायचा. माझे अब्बा जुन्या फ्रीजवर बसून करतात.

तीच मालिका आता नव्याने निघणार आणि शूटिंग आमच्याच आवारात, हे कळल्यावर मी दाढी कोरून घेतली. पोराचं काम मला हवं होतं. दिग्दर्शक प्रांजल मॅडमनी मला बोलायला लावलं आणि म्हणाल्या, सोहेब, तू बातम्या दिल्यासारखा बोलतोस. काम पुण्याच्या एका जिमवाल्याला गेलं. मला चहा वाटायला ठेवलं.

आदल्या संध्याकाळी युनिटने मूळ मालिकेतला तो सोफा फाटकाच्या आत ठेवला आणि मुक्कामाला गेलं. आमच्याकडे फाटकाच्या आत येतो तो माल. पहाटे फजरची नमाज उरकून अब्बांनी तो नेहमीसारखा फोडला. मॅडम आल्या तेव्हा स्प्रिंगा लोखंडात गेल्या होत्या, सागवान लाकडात आणि काथ्या पोत्यात.

मॅडम मटकन खाली बसल्या. सोफा नाही तर मालिका नाही, म्हणाल्या, सामान गाडीत भरा. अब्बांनी त्यांना रेक्झिन पाहिजे का विचारलं.

माझं डोकं फिरलं.

“अब्बा, माल हाय का सामान हाय, एकदा इचारायचं तरी.”

“तू आलास तवा कुनाला इचारलं व्हतं? आलं ते ठिवून घेतलं.”

“मंग मला पन फोडायचं व्हतं.”

“फोडला असता. आत लोखंडच न्हाई.”

जिमवाला हसायला लागला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कॅमेरावाल्याला हळूच खूण केली. आम्हाला पत्ताच नाही. आम्ही एकमेकांची अक्कल काढत सोफा परत जोडत होतो. जोडून झाल्यावर त्याला पाच पाय निघाले. पाचवा कुणाचा, त्यावर आमचं आणखी वाजलं.

तोच पहिला भाग झाला. बाप अब्बा, पोरगा मी. जिमवाल्याला गिऱ्हाइकाचं काम मिळालं, तो रद्दी विकतो.

हायवेवरच्या ढाब्यात सगळ्या यवतने तो भाग पाहिला. ट्रकवाले जेवण सोडून टाळ्या वाजवत होते. मी अब्बांकडे बघायचं टाळत होतो. जन्मात त्यांनी माझ्या कुठल्या कामाला बरं म्हटलेलं नाही.

भाग संपल्यावर ते शेजारच्या ट्रकवाल्याकडे वळले.

“पोरगं चांगलं घेतलंय,” ते म्हणाले. “बाप जरा जास्त बोलतो.”