दर्शनने मोडलेला गेम

मित्रांनो, मला पाहून हसू आले तर खुशाल हसा. मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. तुमच्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी मावतात त्यांतला नव्हे. मी चांगला जेवणाच्या डब्याएवढा आहे. पाठीवर कॅसेट बसवायची खाच, बाजूला दोन रिमोट आणि टीव्हीला जोडायची एक लांब वायर, असा माझा सगळा संसार. माझा जन्म कुठल्या गावचा हे मात्र मला सांगता येणार नाही. ते माझ्या पोटाखालच्या कागदावर छापलेले होते आणि तो कागद कसरीने खाल्ला. एवढे आठवते की एका मोठ्या कारखान्यात माझ्यासारखी शेकडो भावंडे एका ओळीत पडली होती आणि प्रत्येकाला वाटत होते, आपणच सर्वांत देखणे.

मला विकत घेतले भिकाजींनी. ते वेळणेश्वरचे, मालवाहू जहाजावर नोकरी करणारे. सिंगापूरला बोट लागली तेव्हा ते बंदराबाहेरच्या दुकानात आले, मला उलटसुलट करून पाहिले आणि दुकानदाराला खुणांनी विचारले, "पोरगा खेळेल ना?" दुकानदाराने मान डोलावली. मग सुट्टी लागेपर्यंत मी त्यांच्या पलंगाखाली, लुंगीत गुंडाळलेला, लाटांबरोबर हेलकावे खात पडून राहिलो. बोट लागणे म्हणजे काय ते मला विचारा.

घरी पोचलो तेव्हा ओटीवर दर्शन उभा होता. भिकाजींचा मुलगा, शाळेत जाणारा, गुडघे कायम फुटलेले. बाप वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर, त्यामुळे घरी आला की पहिले काही दिवस दोघांनाही काय बोलावे ते सुचत नसे. अभ्यास कसा चाललाय, बरा चाललाय, इथे संभाषण संपायचे. मी आलो आणि तो प्रश्नच मिटला. दोघे चटईवर बसायचे आणि माझी गाड्यांच्या शर्यतीची कॅसेट लावायचे. पडद्यावर गाडी डावीकडे वळली की भिकाजी स्वतःही डावीकडे कलंडायचे, इतके की एकदा थेट दर्शनच्या मांडीवर जाऊन पडले. त्या वेळचे त्या दोघांचे हसणे मी अजून विसरलेलो नाही.

घरात वैष्णवी नावाची दोन वेण्यांची धाकटी मुलगीही होती. भिकाजी बोटीवर असले की तिला दुसरा रिमोट मिळायचा, पण त्याची पिन काढून ठेवलेली असायची. ती बटणे दाबत राहायची आणि गाडी जिंकली की आपणच जिंकलो म्हणून उड्या मारायची. हा उघड उघड अन्याय होता, पण मी गप्प राहिलो. तिचा आनंद का घालवा?

भिकाजी बोटीवर परत गेले की दर्शन एकटा सराव करायचा. पुढच्या सुट्टीत बाबांना हरवायचे, हा त्याचा एकच ध्यास. मला फडक्याने पुसायचा, खेळून झाल्यावर टोपलीखाली झाकून ठेवायचा, शेजारची मुले आली तर आधी त्यांचे हात धुवायला लावायचा. मित्रांनो, एवढ्या जपणुकीत वाढलेले गेम फार नसतील. हे लक्षात ठेवा, कारण पुढे काय झाले ते ऐकून तुम्हाला वाईट वाटणार आहे.

दर्शनची आई येसूबाई. माणूस लाखात एक, पण खाऱ्या वाऱ्याशी त्यांचे हाडवैर. त्या वाऱ्याने शिवणाची कातर गंजवली, कपाटाच्या बिजागऱ्या खाल्ल्या, कोयत्याचे पाते तांबडे केले. त्यावर त्यांच्याकडे एकच उपाय, मुठेल. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारे तेल काढून मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. थंड झाले की मेणासारखे घट्ट होते. टाचेला भेग पडली, मुठेल लावा. ओठ फुटले, मुठेल लावा. दार करकरले, तरी मुठेलच. एके वर्षी भिकाजी यायच्या आधी येसूबाईंनी सगळे घर साफ केले आणि त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

"ह्यांचा गेम बरा ऱ्हायला पायजे," असे स्वतःशीच म्हणत त्यांनी पळीत मुठेल पातळ केले, काडीला कापूस गुंडाळला आणि माझ्या खाचेत आतपर्यंत, अगदी मनापासून, लावले. उरले ते वरून ओतले.

आता माझ्या खाचेत बारीक पितळी पट्ट्यांच्या दोन रांगा आहेत. कॅसेटचे दात त्या पट्ट्यांना टेकले तरच मला काही कळते. मुठेल थंड झाले, घट्ट झाले, आणि माझ्या कानात बोळे बसले. येसूबाईंना याचा पत्ताही नाही. बिजागरीला तेल लावले हे कोणी कोणाला सांगत बसते का? त्या विसरूनही गेल्या.

भिकाजी आले. दर्शनने त्यांची बॅगही खाली ठेवू दिली नाही. "बाबा, आज तुम्ही हरणार!" म्हणत त्याने कॅसेट लावली, बटण दाबले. पडदा काळा. त्याने कॅसेट काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. काळाच. तो दाबू लागला, हलवू लागला, घामाघूम झाला. मी ओरडून सांगत होतो, अरे, मला मुठेल लावलेय! पण माझा आवाज टीव्हीतून येतो आणि टीव्हीशी माझे बोलणेच तुटलेले.

भिकाजींनी मला गुहागरला एका दुकानात नेले. तिथल्या माणसाने मला उघडलेही नाही. कानाशी धरून हलवले आणि "आतली चिप गेली. पोरांनी आपटला असेल," असे सांगून मोकळा झाला. भिकाजी दमलेले होते, सुट्टी थोडी होती, आणि ज्याची दहा महिने वाट पाहिली तेच बंद पडलेले. घरी येऊन ते म्हणाले, "ह्याच्या हाताला काय टिकत नाय. मोडतोड्या मेला!"

"मी नाय मोडला, बाबा."

"मंग काय भुतानं मोडलान?"

त्या सुट्टीत बापलेक पुन्हा अभ्यास कसा चाललाय, बरा चाललाय, यावर आले. आणि मोडतोड्या हे नाव मात्र त्याला चिकटले ते चिकटलेच. काही फुटले, सांडले, बंद पडले की घरात हसत हसत त्याचेच नाव निघायचे. हसणाऱ्यांना ती थट्टा वाटायची. त्याला ती थट्टा वाटत नव्हती, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

माझी रवानगी माळ्यावर झाली. शेजारी तांब्याचा हंडा आणि गणपतीचे मखर. दर वर्षी मखर काढायला कोणीतरी वर यायचे, मला उचलून बाजूला ठेवायचे आणि मखराबरोबर परत मागे सरकवायचे. माझ्या एका भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले. पालीने अंडी घातली. मी पडून खालचे आवाज ऐकायचो. दर्शन मोठा झाला, चिपळूणला पतपेढीत लागला. पण घरी आला की बल्बसुद्धा बदलत नसे. "मला नको सांगू, मोडेल," म्हणायचा. दिवाळीला कंदील लावायलाही दुसऱ्यालाच चढवायचा. भिकाजी निवृत्त होऊन ओटीवरच्या झोपाळ्यावर बसू लागले. दोघे एकमेकांशी नीट वागायचे, अगदी पाहुण्यांसारखे.

आणि वैष्णवी? पिन काढलेल्या रिमोटने खेळणारी ती पोर आता रत्नागिरीत संगणक शिकवते, आणि जुने व्हिडिओ गेम जमवते. भंगारवाल्यांकडून, कोणाच्या अडगळीतून, कुठून कुठून आणते, उघडते, धुते, जोडते, चालू करते. तिच्या खोलीत म्हणे माझ्या नातेवाइकांची भिंतभर फळी आहे. माझ्याबद्दल मात्र तिने विषय काढला की भिकाजी म्हणायचे, "त्याचं नाव काढू नुको." या मे महिन्यात ती आंबे खायला आली, आंबापोळीची ताटे काढायला माळ्यावर चढली आणि कोणाला न विचारता मला काखेत घेऊन टुणकन उडी मारून खाली उतरली. मी तिला ओळखलेच. वेण्या गेल्या होत्या, पण उडी तीच होती.

तिने माझे स्क्रू काढले. कुंभारणीचे घर अलगद सोडवले. माझे पिवळे पडलेले कवच साबणाने धुतले, त्याला कसलेसे पांढरे मलम फासले आणि गच्चीवर, आंबापोळीच्या ताटांशेजारी, उन्हात ठेवले. त्याने म्हणे रंग उजळतो. येसूबाई कावळे हाकलायला बसल्या होत्या, त्या माझीही राखण करत होत्या.

खाचेपाशी आल्यावर मात्र वैष्णवी थांबली. आत तपकिरी, चिकट, धूळ बसलेला थर होता. दर्शनही सुट्टीला आलेला, दारात उभा राहून लांबूनच बघत होता.

"दादा, यात काय ओतलं होतंस?" तिने सहज विचारले.

दर्शनचा चेहरा उतरला. चाळिशीचा माणूस, पण क्षणात शाळेतला पोर झाला. "काही नाही गं. खरंच काही नाही."

झोपाळ्यावरून आवाज आला, "सरबत ओतलान असणार. मी तवाच बोललो व्हतो."

दर्शन निमूटपणे आत गेला आणि आपली बॅग भरू लागला. मित्रांनो, तेव्हा मला जे वाटले ते सांगतो. चालू नाही झालो तरी चालेल, पण हे आता मिटले पाहिजे, असे वाटले.

वैष्णवीने माझी खाच कथलाचे डाग वितळवून सुटी केली. अशा पट्ट्या उकळत्या पाण्यात टाकल्या की मळ सुटतो, ही तिची नेहमीची पद्धत. घाईत तिने हाताला आला तो टोप घेतला, गॅसवर ठेवला, खाच उकळली आणि टोप तसाच निवत ठेवून दादाला समजवायला गेली. थोड्या वेळाने येसूबाई स्वयंपाकघरात आल्या.

"माझा दुधाचा टोप कुणी घेतलान? गो वैष्णवी! ह्यात काय रांधलंस?"

त्या टोपावर वाकल्या. पाण्यावर एक पातळ, पांढुरकी चकती धरली होती. त्यांनी ती बोटाने उचलली, चोळली, नाकाला लावली. आयुष्यभर रातांब्याच्या बिया उकळलेली बाई ती. तिला काय सांगायला हवे?

"हे मुठेल हाय," त्या हळूच म्हणाल्या. मग भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "गो बाय... हे मीच लावलं व्हतं."

चकती तशीच तळहातावर घेऊन त्या ओटीवर गेल्या. मागोमाग वैष्णवी. दर्शन बॅग घेऊन पायरीवर आला होता.

"अवो, झोपाळा थांबवा," येसूबाई म्हणाल्या. झोपाळा थांबला. "गेम पोरानं नाय मोडलान. मी मुठेल लावलं व्हतं, तुमी येनार म्हणून. गंजू नये म्हणून. पोर सांगत व्हता, आपण कुणी ऐकलं नाय." आणि पदर डोळ्यांना लावून त्या खाली बसल्या.

दर्शनने बॅग ठेवली आणि आईजवळ बसला. "जाऊ दे गं आई. तू थोडीच मुद्दाम केलंस." भिकाजी समोरच्या माडांकडे बघू लागले. माफी मागणे ही गोष्ट जहाजावर कोणी शिकवत नसावे.

संध्याकाळपर्यंत वैष्णवीने माझी खाच वाळवून, घासून परत जागेवर बसवली, नव्या टीव्हीला जुळेल अशी वायर जोडली आणि कॅसेट हातात घेतली. तेवढ्यात भिकाजी उठून आत आले. त्यांनी ती तिच्या हातातून काढून दर्शनपुढे धरली.

"तू लाव."

"मी नको, बाबा. वैष्णवी लावेल. आत्ताच दुरुस्त झालाय, माझ्या हातून..."

"लाव रे."

दर्शनने कॅसेट लावली, बटण दाबले. पडदा काळा. चटका बसावा तसा त्याने हात मागे घेतला. वैष्णवीने तोंड उघडले, पण त्याआधी भिकाजींनी मुलाचा तो मागे घेतलेला हात धरला आणि परत माझ्यावर ठेवला.

"परत लाव. मोडला तर मोडला. माज्या हातनं मोडला असं सांगीन सगळ्या गावाला."

दर्शनने कॅसेट काढली, शांतपणे सरळ धरली आणि दाबली. एक पट्टी टेकायची राहिली होती, ती टेकली. माझ्या अंगातून वीज धावली, आणि इतक्या वर्षांनी मला माझा आवाज ऐकू आला. बेसूर, पण माझाच! पडद्यावर त्या दोन गाड्या उभ्या राहिल्या, जणू कालच थांबल्या होत्या.

ते दोघे खेळले. गाडी डावीकडे वळली तसे भिकाजी डावीकडे कलंडले आणि गुडघा दुखला म्हणून कळवळले. हरल्यावर म्हणाले, "माजा रिमोट खराब हाय." दर्शन खो खो हसला. वैष्णवीने दुसऱ्या डावाला आपला नंबर लावला, आणि आधी पिन नीट बसली आहे का ते स्वतः तपासून घेतले.

ती मला रत्नागिरीला तिच्या फळीवर नेणार होती. भिकाजींनी नेऊ दिले नाही. "गणपतीला दर्शन येतोय. तवर हितंच ऱ्हाऊ दे." त्यावर येसूबाई पळी घेऊन दारात आल्या. "ऱ्हाऊ दे, पन आता पाऊस येल. ह्याला काय लावू?"

"काही लावू नकोस!" तिघे एकदम ओरडले.

"वापर," वैष्णवी म्हणाली. "रोज थोडा वेळ चालू ठेव, आई. तेच याचं औषध."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणी माळ्यावर पडले असेल. त्याला खाली काढा, पुसा, कामाला लावा. जपून ठेवणे म्हणजे नुसते झाकून ठेवणे नव्हे. आणि एखादी वस्तू बंद पडली तर समोर दिसेल त्या पोरावर बोट दाखवण्याआधी निदान स्क्रू काढून आत बघा. मला दुरुस्त करायला एक टोप पाणी पुरले. त्या एका शब्दाचा डाग निघायला मात्र अर्धे आयुष्य गेले.

आता बाहेर पाऊस कोसळतो आहे. दुपारी भिकाजी झोपले की येसूबाई हात कोरडे करून माझ्यासमोर चटईवर बसतात. माझ्या तब्येतीसाठी म्हणून बटण दाबतात. पहिल्या वळणावर गाडी धडकते, दुसऱ्यावरही धडकते. तिसऱ्या वळणावर येसूबाई डावीकडे कलंडतात, गाडी वळते, आणि मागच्या खोलीतून झोपलेल्या भिकाजींचाच आवाज येतो, "जमलं गो!"