खोल्या दिल्या, काशी नाय दिली

काशीला राग आला की तिच्या चुलीला फुंकणी लागत नाय, असं वैशाखरे गावात सांगतात. नुसतं लाकडांकडं बघायचं, जाळ धरतो. त्या शनिवारी सकाळी तर तव्यावरची भाकरी दोन्ही अंगांनी एकाच वेळी भाजली म्हणे.

रागाचं कारण घरामागं होतं. काशीनं नि तिच्या नवऱ्यानं, पंढरीनं, भाड्यानं द्यायला दोन खोल्या बांधल्या होत्या. पहिल्यांदाच. भाडेकरूही पहिलाच, कल्याणचा अमित. आला, हात जोडले, म्हणाला, "मी नि मंडळी, दोघंच असू, काकी. शांतता पाहिजे, बास." शांतता मागणारा माणूस काशीला इतका आवडला की तिनं दोन्ही चाव्या त्याच्या हातावर ठेवल्या. एक आपल्याकडं ठेवायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मंडळी काय आली नाय. आल्या त्या गाड्या. माळशेजचे धबधबे बघायला निघालेली पोरं, दर शनिवारी नवी. त्यांची गाणी एवढी मोठ्यानं की काशीच्या कोंबड्या अंडी घालायच्या बंद झाल्या, नि एकीनं घातलं ते आतून हलत होतं. बाटल्या भाताच्या खाचरात. काच पंढरीच्या टाचेत शिरली, तो लंगडत बसला. शेजारीण विचारायची, "काशी गो, तुझ्याकडं कोण राहातं?" काशीला सांगता यायचं नाय. आपल्या घरात कोण झोपतं ते आपल्यालाच ठाऊक नाय, हे तिला काचेपेक्षा खोल लागलं होतं.

म्हणून तिनं नणंदेला बोलावलं. रुपाच्या मुरबाडला कारखान्यांजवळ भाड्याच्या खोल्या होत्या, कामगारांना दिलेल्या. त्या धंद्यात ती मुरलेली होती.

"वैनी, द्यायच्या आधी त्याचं जुनं घर बघितलंस?" रुपानं आल्याआल्या विचारलं.

"तो माझं बघायला आलेला. मी त्याचं कशाला बघू?"

"तिथंच फसलीस. माणूस गोड बोलतो, मोरी बोलत नाय. मोरी बघायची, भिंती बघायच्या, मालकिणीला विचारायचं, बाई, हा गेला तर तू रडशील का नारळ फोडशील? माझ्या एकानं भिंतीत एवढे खिळे मारलेले की तो गेल्यावर त्या खिळ्यांत मी अख्ख्या गोठ्याचे पत्रे ठोकले. तेव्हापासनं शिकले."

"मला आता शिकवू नको."

"कागद तरी केलास? कोण राहणार, कितीजण, कधीपर्यंत?"

"तोंडानं बोललो. दिवाळीपर्यंत."

रुपानं कपाळाला हात लावला. "कागद करायचा, पोलिसांत कळवायचं, मग चावी. तू चावी आधी दिलीस नि आता कपाळ बडवतेस."

"मी त्याचं सामान रस्त्यावर फेकते."

"फेक. मग केस तुझ्यावर. भाडं देतो तो. त्याच्या खोलीत पाय पण टाकू नको."

हे चाललेलं तोच अंगणात गाडी आली. त्यातनं चार बाया उतरल्या. पुढची डोक्यावर सुपाएवढी टोपी घातलेली. ती सरळ काशीच्या पाया पडली. "काशीआजी ना? तुमच्यासाठीच आलो आम्ही."

काशीला आजी म्हणणारं अजून कुणी जन्माला आलं नव्हतं.

बाईनं फोन पुढं केला. त्यात काशी होती. विहिरीवर, पदर खांद्यावरनं घसरलेला, कशाला तरी खदखदून हसणारी. फोटो कधी काढला, तिला पत्ता नाय. खाली लिहिलेलं रुपानं वाचलं, "काशीआजीचं घर. चुलीवरची भाकरी, विहिरीचं पाणी, आंब्याखाली खाट, रात्री आजीच्या गोष्टी. सगळं धरून."

"सगळं धरून म्हंजे?" काशीनं विचारलं.

"म्हंजे तू पण भाड्यात, वैनी."

तेव्हा काशीचा राग असा चढला की घाटातनं खाली उतरलेलं धुकं होतं तसं माघारी वर गेलं. वाळत घातलेलं लुगडं वाळलं ते त्याच वेळी.

अमित मोटारसायकलवर पोचला. "काय प्रॉब्लेम झाला, काकी? भाडं टाइमवर देतो ना मी?"

"कशाचं देतोस?"

"खोल्यांचं."

"त्यात मी आले? विहीर कुणाची? खाट कुणाची? चूल? नि हे तोंड कुणाचं रे?"

"लोकांना असं आवडतं, काकी. तुमचीच जाहिरात होते. तुम्हाला पण देईन ना थोडं."

"मला माझंच भाडं देणार तू."

काशीनं आंब्याखालची खाट उचलून घरात नेली. विहिरीचा दोर सोडून खांद्यावर टाकला. दोन हंडे भरलेले होते, ते त्याच्या उंबऱ्यापाशी ठेवले. "हे खोल्या देताना बोलल्याप्रमाणं. तुझं नि मंडळींचं पाणी. बाकी ज्याला दिलं नाय त्याला हात लावायचा नाय."

बाया अमितकडं वळल्या. टोपीवाली म्हणाली, "आम्ही आगाऊ पैसे भरलेत, मिस्टर." मग काशीकडं बघून हळूच म्हणाली, "आजी, लांबून आलो. निदान भाकरी?"

"बस. भाकरी खाऊनच जायचं. पाहुणी म्हणून."

"बघा, म्हणजे मिळतंय की सगळं," अमित म्हणाला.

"तिनं मागितली. तू विकलीस." काशीचा आवाज वर गेलाच नाय, उलटा खाली आला, नि अमित एक पाऊल मागं सरला. "आधी ते तोंड काढ फोनातनं."

त्यानं काढलं. रुपानं त्याच्या हातातनं फोन घेऊन परत एकदा बघितलं.

"पण दिवाळीपर्यंत खोल्या माझ्या," तो म्हणाला. "तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय. तो मोडणार नाय. तू नि मंडळी खुशाल राहा. तिसरं माणूस दारात दिसलं की मी ओट्यावर बसलेली असणार, कोयता घासत."

अमित चुळबुळला. "मंडळी नाहीयेत. लग्नच झालं नाही माझं."

"मग एकटा राहा," रुपा म्हणाली. "शांतता मिळेल."

शांतता त्याला फार दिवस सोसली नाय. एका सकाळी चाव्या ओट्यावर ठेवून तो निघून गेला. पंढरी म्हणाला, सुटलो. काशीनं दार उघडलं नि तिथंच थांबली. आतली भिंत गेरूनं रंगवून त्यावर कुणाकडून तरी पांढरी चित्रं काढून घेतलेली. नाचणारी माणसं, मधे चूल, चुलीपाशी बोळकं पसरून हसणारी म्हातारी, नि वर हाताएवढ्या अक्षरात काशीआजी.

"राहू दे गो," रुपा म्हणाली. "पुढच्याकडनं भाडं जास्त मागता येईल."

काशीनं चुन्याची बादली आणली नि तिच्याकडं असं बघितलं की आतला चुना उकळायला लागला. चुना पाणी पडल्यावर उकळतोच, पण पाणी अजून कुणी घातलंच नव्हतं म्हणे. मग तिनं पाणी ओतून कुंचला बुडवला नि पहिला हात त्या म्हातारीच्या तोंडावरनंच मारला.