गंबोचं वल्हं

उपवासाच्या दिवसांआधीच्या मार्दी ग्रा सणाच्या सकाळी अझेलीने करडी कोंबडी टोपलीखाली झाकली आणि ओसरीवर येऊन बसली. नवरा, ओझेमे, पानगळीच्या सुमारास वारला होता. अंगात अजून काळा झगा होता, पण कान रस्त्याकडे लागले होते.

रिवाज गावाला तोंडपाठ. मुखवटे घातलेली मंडळी घोड्यांवरून, मागे एक गाडी घेऊन दारोदार फिरणार, म्होरक्या पांढरं निशाण उंचावून परवानगी मागणार, घरची बाई जिवंत कोंबडी सोडणार आणि हे एवढाले बाप्ये चिखलात लोळून ती धरणार. त्याच कोंबड्यांचा रात्री गावजेवणाला गंबो, म्हणजे दाट रस्सा. ज्या घराकडून काही मिळालं, त्या घराला आमंत्रण. न मागता द्यायचं नाही, न बोलावता जायचं नाही.

घोडे फाटकापाशी आले. म्होरक्या क्लेओफा म्हणजे ओझेमेचा सख्खा पुतण्या. त्याने टोपी काढून छातीशी धरली, मान लववली, मागच्यांना गप्प राहण्याची खूण केली आणि सगळी वरात मुकाट्याने पुढे निघाली.

दुखवट्याचं घर ना! चांगुलपणाच तो, पण चांगल्या माणसांना कधीकधी अक्कल बेताचीच असते. आज हे दार वगळलं की पुढच्या वर्षीही वगळणार. मग ती गावात असून नसल्यासारखीच. तिने कोंबडी काखोटीला मारली आणि रस्ता गाठला.

"क्लेओफा, थांब. माझं दार दिसलं नाही का रे तुला?"

"काकू, काका गेलेत. म्हटलं, तुम्हाला त्रास नको."

"काका गेले. कोंबड्या आहेत अजून."

मागे एक मुखवटा खुदकन हसला. क्लेओफाने ओशाळून हात पुढे केला. "द्या मग."

"रस्त्यात? भीक मागायची तर दारात येऊन माग."

वरात मागे फिरली. क्लेओफाने फाटकात निशाण उंचावून रीतसर विचारलं. अझेलीने उगाचच जरा वेळ लावला, मग "या" म्हणून कोंबडी सोडली. ती थेट खांबांवरच्या घराखाली घुसली. तिच्यामागे तीन मुखवटे सरपटत गेले आणि त्यातला जाडा मधेच अडकला. त्याला पाय धरून ओढताना पाहून अझेली हसत सुटली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने येऊ दिलं.

"रात्री गंबोला यायचं काकू," कोंबडी हाती आल्यावर क्लेओफा म्हणाला. तरी तो टोपी चाळवत तिथेच उभा राहिला. का, ते तिला ठाऊक होतं. गावच्या गंबोसाठी तेलात मैदा भाजायचं काम इतकी वर्षं ओझेमेचं. पाठ फिरवली की करपतो, म्हणून तो कढई सोडत नसे आणि ढवळायचं आपलं सायप्रसच्या लाकडाचं वल्हं कुणाच्या हाती देत नसे. आता ते तिच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेलं होतं.

"आणखी काही हवंय?"

"नाही... तसं काही नाही."

"मागितल्याशिवाय मिळत नाही, बाबा."

क्लेओफाने टोपी चाळवणं थांबवलं. "काकांचं वल्हं द्याल?"

"नाही."

त्याने मान खाली घातली. अझेली आत गेली आणि काळ्या झग्यावर एप्रन बांधून, वल्हं खांद्यावर टाकून बाहेर आली.

"ते मी कुणाला देणार नाही. मागच्या गाडीत मला जागा करा. आणि मी पोचायच्या आत मैदा कढईत पडला, तर बघा."