वहीतली सुपली

या मित्रांनो, असे लांब बसू नका. जरा पुढे सरका, गुडघ्याला गुडघा लावून बसा. आज तुम्हांला एका नावाची गोष्ट सांगते. नाव एवढेसे, तीन अक्षरांचे. पण त्याने एका आईचे घर राखले.

मी एक जुनी वही आहे. जाड लाल पुठ्ठ्याची, शंभर पानांची. धानोऱ्याच्या दुकानातून मला मयुरीने आणले. मयुरी आमच्याच गावची लेक. जंगलात जे जे जीव आहेत त्यांना गावात काय म्हणतात, ते लिहून ठेवायचे काम ग्रामसभेने तिला दिले होते. तिने पट्टी धरून माझ्या पानांवर तीन रकाने आखले. जीव कोणता, गावातले नाव काय, आणि त्या नावाचा अर्थ व वापर काय.

मग मी घरोघर फिरले. किती हात लागले मला! कुठे चुलीची राख लागली, कुठे चहाचा डाग पडला. त्या डागांचा मला आजही अभिमान वाटतो.

एके दिवशी आम्ही ठमाबाईंकडे गेलो. त्या चाळीस वर्षे जंगलातल्या एकाच मोहाखाली फुले वेचत आल्या होत्या. मयुरीने आधीच एका छापील पुस्तकातून लिहून ठेवले होते: 'उडती खार. उडते म्हणून हे नाव.' तिने ते वाचून दाखवले. ठमाबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"काऊन वं पोरी, तू पाह्यली काय तिले उडतानी?"

"नाई बाई. पुस्तकात आहे."

"पुस्तकवाल्यानं तरी पाह्यली काय? अवं, उडनारं पाखरू वर जाते. हे बिचारी वरच्या फांदीवरून अंग टाकते अन् खालच्या झाडावर उतरते. अंगाची कातडी ताणली का सुपासारखी दिसते. म्हणून आमी तिले सुपली म्हणतो."

"अन् या नावाचा वापर?"

"तो तं मोठा हाय. ज्या मोहाच्या ढोलीत सुपली राह्यते, ते सुपलीचं झाड. त्याच्याखाली इस्तो नाई लावाचा. खराट्यानंच झाडाचं. लेकरू पदरात असलं का तिले अंगही टाकता येत नाई."

मित्रांनो, मोहफुले गळू लागण्याआधी झाडाखालचा पाला जाळायची आमच्याकडे रीत आहे. काळ्या भुईवर फुले पटकन दिसतात. पण सुपलीच्या झाडाला त्यातून सूट होती, आणि ती सूट त्या एका नावात बांधून ठेवलेली होती.

मयुरीच्या पेनातली शाई नेमकी तेव्हाच संपली. तिने ते सारे शिसपेन्सिलीने लिहिले. नंतर गिरवीन म्हणाली.

पुढे माझे फार कौतुक झाले. तालुक्याच्या सभेत माझी पाने उलटून पाहिली गेली, टाळ्या वाजल्या. आणि मग मला ग्रामसभेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. चार वर्षे मी अंधारात होते. वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला. पलीकडे मारुतीचे देऊळ होते, म्हणून सप्ताहातले टाळ तेवढे ऐकू येत. त्यांच्यावरच मी तग धरला.

यंदा फाल्गुनात कपाट उघडले. समोर मयुरी, तिला धाप लागलेली. मागे काठी टेकत ठमाबाई. ठमाबाईंचे गुडघे गेले होते, म्हणून त्यांनी आपले झाड पुतण्याला, सुकलूला वेचायला दिले होते. त्याने बुंध्याशी पाल्याचा ढीग केला होता. आज काला झाला की पेटवणार होता. ढोलीत सुपली लेकरू घेऊन होती.

"त्याले लाख सांगतलं," ठमाबाई म्हणाल्या. "तो म्हणते, काकू, मी मोहर्लीले कामाले होतो, तिथी तिले उडती खार म्हणतात. धूर झाला का उडून जाईल."

मयुरीने माझे पान शोधले. पेन्सिलीची अक्षरे पुसट झाली होती, पण गेली नव्हती. सुकलू काल्यालाच गेला होता, म्हणून ती मला छातीशी धरून देवळाकडे धावली.

काल्याचे कीर्तन रंगात आले होते. कीर्तनकार घनश्यामभाऊ एरवी तलावात जाळे टाकणारा माणूस. पण वीणा गळ्यात आली की त्यांचा आवाज थेट काळजाला जाई. मयुरीने मला त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेले, दोनदा वाचले, आणि टाळ थांबवायला हात वर केला.

"मंडळी," ते म्हणाले, "नाव घ्याचं तं अर्थासकट घ्याचं. देवाचंही, अन् देवाच्या लेकराचंही." आणि त्यांनी ती ओळ चालीवर म्हटली. खराट्यानंच झाडाचं. लेकरू पदरात असलं का तिले अंगही टाकता येत नाई. साऱ्या देवळाने ती मागून म्हटली.

टाळकऱ्यांत सुकलू होता. त्याचे टाळ पुन्हा काही वाजले नाहीत. कीर्तन संपल्यावर तो खाली मान घालून ठमाबाईंजवळ आला.

"काकू, वहीत हाय म्हणून समजलं."

"वा रे वा. माह्या तोंडचं खोटं अन् कागदावरचं खरं काय रे? जा, खराटा घे."

ते ऐकून, मित्रांनो, माझी मलाच लाज वाटली. ज्या तोंडाने मला शहाणे केले, त्या तोंडाचे नाव माझ्यात कुठेच नव्हते.

सुकलू दुपारभर झाडत राहिला. आधी त्याने बुंध्याशी रचलेला ढीग लांब ओढून नेला. खराट्याचा दांडा खोडाला लागला, तशी ढोलीतून एक तांबूस तोंड बाहेर आले. त्याच्या खाली आणखी एक, बोराएवढे. ठमाबाईंना डोळ्यांनी नीट दिसत नव्हते. सुकलूनेच त्यांना सांगितले, "दोघंही हायत, काकू."

त्या संध्याकाळी मयुरीने पेन्सिलीची अक्षरे शाईने गिरवली. 'उडती खार'वर रेघ मारून 'सुपली' लिहिले. मग पट्टी घेऊन चौथा रकाना आखला: सांगणाऱ्याचे नाव.

मित्रांनो, माझ्यासारख्या वह्यांना कपाटात कोंडू नका. त्या उघडा, मोठ्याने वाचा. आणि कधी आमच्या रानात आलात, खराट्याने झाडलेला एखादा मोह दिसला, तर क्षणभर थांबा. वर ढोलीत सुपली असेल. तिचे नाव घ्या, आणि त्याच दमात, चौथ्या रकान्यात पहिल्या ओळीवर ज्यांचे नाव आहे, त्या ठमाबाईंची आठवण काढा.