हिरव्या बावट्यांची गाडी

१९७८ सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्याकडे आल्बर्टात गहू लवकर कापून झाला, आणि सप्टेंबर संपता संपता फाट्याची लाइन बंद झाली. सेज क्रीकपासून मेन लाइनपर्यंत जाणारा एकेरी रूळ होता तो. धान्याचे डबे त्यावरून जायचे. पूर्वी मागे माणसांचा एक डबाही असायचा. मग रस्ते सुधारले, ट्रक धावू लागले, आणि रुळांमध्ये गवत गुडघ्यापर्यंत आलं.

आम्ही चौघं गाड्यांचे वेडे. माझा नवरा होता तेव्हा म्हणायचा, "लोकांच्या बायका पाखरं बघतात, माझी मालगाडी बघते." बघायचंही काही साधंसुधं नसे. कुठलं इंजिन, त्याचा नंबर काय, कुठल्या दिशेला चाललंय, मागे काय जोडलंय, सगळं बघायचं. ज्याला गाडी दिसली त्यानं लाइनीवरच्या पुढच्या माणसाला फोन करायचा. सेज क्रीकला मर्टल राहायची. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून यार्ड दिसायचं. तिचा फोन मला यायचा. मी करायची क्लेटनला, तो धान्याच्या कोठारावर मॅनेजर होता. क्लेटन करायचा ऑस्मंडला. एकच नियम होता: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगायचं. एकदा क्लेटननं ऐकीव नंबर सांगितला, तर ऑस्मंड अख्खा हिवाळा त्याच्याशी बोलला नव्हता.

ऑस्मंड आमच्यात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जाणता. नॉर्वेहून आलेल्या घरातला, उंच, कमी बोलणारा. कुठल्या इंजिनाची शिट्टी चिरकी होती, कुठल्या वळणावर कुठल्या साली डबे घसरले, सगळं त्याला तोंडपाठ. त्याचा जन्म हाल्वरचा. हाल्वर म्हणजे गाव नव्हे. एक पाटी, एक लाकडी शेड आणि पूर्वी गँगमनच्या मुकादमाचं घर. तिथं कुणी हात दाखवला तरच गाडी थांबायची. हाल्वरच्या पुढे लगेच नदीच्या खोऱ्यावरचा लाकडी पूल, आमच्या सगळ्या भागातला सर्वांत उंच.

ऑस्मंडचे वडील तिथले मुकादम. त्या काळी एकाच नावाची गाडी कधीकधी दोन तुकड्यांत सोडायचे. पहिल्या तुकडीच्या इंजिनावर पुढे दोन हिरवे बावटे लावलेले असले, की समजायचं, मागून दुसरी येतेय. एका सकाळी गाडी गेली आणि वडिलांनी त्यांची ट्रॉली रुळावर चढवली, पुलाकडे निघाले. धुकं होतं. बावटे त्यांनी पाहिले नाहीत. दुसरी तुकडी त्यांना पुलावर भेटली.

कंपनीनं घर रिकामं करायला सांगितलं. सामान न्यायला डबा देतो म्हणाले. ऑस्मंडची आई म्हणाली, "त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही आणि माझी पोरंही ठेवणार नाहीत." शेजाऱ्याच्या घोडागाडीतून ते हाल्वरहून गेले. त्यामुळे जन्मभर गाड्या पाहणारा हा माणूस त्या पुलावरून कधी गेलाच नव्हता. आई होती तोवर तिच्या शब्दाखातर. ती गेली तोवर माणसांचा डबा बंद झाला होता.

आणि आता त्याचे डोळे चालले होते. काचबिंदू. कॅलगरीच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला उजेडाखेरीज काही दिसेनासं होईल.

तेवढ्यात सेज क्रीकच्या निरोप समितीनं जाहीर केलं की शेवटची गाडी माणसांना घेऊन जाईल. सेज क्रीकहून निघेल, मेन लाइनला लागेल, आणि परत यायची नाही. वाफेचं जुनं इंजिन, जे यार्डातल्या शेडमध्ये पडून होतं, ते दुरुस्त करून जोडणार. वाटेत कुणी हात दाखवला तर जुन्या पद्धतीनं थांबणार.

ऑस्मंडनं मला फोन केला. "तेक्ला, मी हाल्वरला चढणार आहे."

"एकटा?"

"तू येशील तर दोघं. मला खिडकीशी बसायचंय आणि खाली बघायचंय. जे दिसणार नाही ते तू सांग."

एवढंच त्याला हवं होतं. एकदा, डोळे आहेत तोवर, वडील गेले त्या पुलावरून गाडीत बसून जायचं.

त्या सकाळी मर्टलचा फोन आला, तेव्हा मी सँडविचं कागदात बांधत होते.

"अगं तेक्ला, वाफ धरलीय! माझ्या डोळ्यांनी बघतेय. काय धूर, काय धूर! माझी धुतलेली चादर काळी झाली आणि मला त्याचं काही नाही."

"आणि डबे?"

"लावलेत. शिवाय एक डिझेल इंजिनही आलंय, पलीकडच्या रुळावर उभं आहे. ते कशाला, कुणाला ठाऊक. ऑस्मंडला सांग, दाढी करून ये म्हणावं."

मी क्लेटनला सांगितलं, क्लेटननं ऑस्मंडला, आणि मग क्लेटनच्याच पिकअपमधून आम्ही निघालो. तो आम्हाला हाल्वरला सोडून पुढे जंक्शनवर घ्यायला येणार होता. पण गाडी येईपर्यंत थांबतो म्हणाला. "चुकून ह्याला एखादी म्हातारी मेंढी समजून गाडी पुढे निघून गेली तर?"

हाल्वरला शेड अजून उभी होती, छप्पर नव्हतं. ऑस्मंड इस्त्रीचा कोट आणि टाय घालून आला होता. गवतावर दव गोठलेलं. क्लेटननं थर्मासमधली कॉफी ओतली, माझ्या सँडविचमध्ये डोकावला आणि म्हणाला, "परत अंडंच? अगं, तू एकदा तरी हॅम घालून बघ. इंजिन आपण होऊन थांबेल."

"तुला नको असेल तर ठेव खाली," मी म्हटलं.

"नको कुठं म्हणालो?"

ऑस्मंड हसला नाही. तो पाटीखाली उभा होता आणि ओळीनं कुठली इंजिनं या फाट्यावर आली ते पुटपुटत होता, आपण देवाची नावं घेतो तसं. मध्येच म्हणाला, "आई खिडकीत उभी राहायची. पुलावर गाडी चढली की आवाज बदलायचा. मग ती स्वयंपाकाला लागायची."

गाडीचा आवाज आला, पण तो धापेचा नव्हता. सलग घरघर होती. वळणावरून डिझेल इंजिन पुढे आलं, मागे डबे, डब्यांच्या खिडक्यांतून माणसं, पोरं, टोप्या. गच्च भरलेली गाडी.

"डिझेल आहे," क्लेटन म्हणाला. "मर्टल काय बघत होती?"

ऑस्मंडनं डोळे बारीक केले. "पुढे काय आहे? इंजिनावर. दोन्ही बाजूंना काहीतरी हलतंय."

"बावटे," मी म्हटलं.

"रंग?"

"हिरवे."

त्याचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. "मग ही पहिली तुकडी! गर्दी फार झाली असेल, दोन भाग केले. म्हणून तर ते डिझेल आलं. जुनं इंजिन मागून येतंय."

आम्हा तिघांनाही ते पटलं. न पटायला काय होतं? मर्टलनं दोन इंजिनं पाहिली होती. गाडी गच्च होती. आणि हिरवे बावटे म्हणजे मागून दुसरी, हे आम्हाला आमच्या नावासारखं माहीत होतं. आजच्या कुठल्याही माणसानं हात वर केला असता आणि चढला असता. आम्हाला बावटे वाचता येत होते.

क्लेटनच तेवढा म्हणाला, "पण त्यानं शिट्टी नाही दिली. मागे दुसरी असली तर एक लांब, दोन आखूड द्यायला हवी ना रे?"

"नवा पोरगा असेल. त्याला कोण शिकवणार आता!"

"मी म्हणतो, चढून घे. वाफेचं राहू दे. पूल तोच आहे."

"हिरवे बावटे दिसत असताना मी पुलावर जाऊ?" ऑस्मंड म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. क्लेटननं मान खाली घातली. मग ऑस्मंड जरा मऊ होऊन म्हणाला, "मागची रिकामी असेल रे. मला खिडकी मिळेल."

ड्रायव्हरनं आम्हाला पाहिलं होतं. गाडी हळू झाली, अगदी चालण्याच्या वेगावर आली. त्यानं खिडकीतून डोकं काढलं, चढायचंय का असं हातानं विचारलं. ऑस्मंड पुढे झाला, उजवा हात डोक्यावर नेला आणि सरळ खाली आणला. वडिलांनी शिकवलेली खूण. पुढे चला. ड्रायव्हरनं टोपीला हात लावला आणि गाडीनं वेग घेतला. डब्यांतली पोरं आमच्याकडे बघून ओरडत होती. मग पुलावर तिचा आवाज बदलला, आणि मग ऐकू येईनासा झाला.

आम्ही वाट बघत राहिलो. उरलेली कॉफी प्यायलो. क्लेटननं दोन चार विनोद केले, मग करायचे सोडले. ऑस्मंड अधूनमधून वाकून रुळाला कान लावायचा. एकदा मला म्हणाला, "वाफ धरायला वेळ लागतो. जुनं आहे ना." मी म्हटलं, "हो." ऊन डोक्यावर आलं, दव केव्हाच वाळून गेलं. त्याच्या टायची गाठ सैल झाली होती, ती त्यानं न बघता पुन्हा नीट केली.

शेवटी एक आवाज आला. ऑस्मंड ताठ उभा राहिला. पण ती मोटर लावलेली ट्रॉली होती, त्यावर अवजारांची पेटी आणि एक गँगमन. आम्हाला बघून त्यानं ट्रॉली थांबवली.

"इथं काय करताय आजोबा?"

"दुसऱ्या तुकडीची वाट बघतोय," ऑस्मंड म्हणाला.

"कुठली दुसरी?"

"हिरवे बावटे होते पुढे."

"ते होय? ते त्या समितीच्या बायकांनी लावले. पट्टे हिरवे, फिती हिरव्या, मग बावटेही हिरवे." तो हसायला लागला आणि आमच्याकडे बघून थांबला. "जुन्या इंजिनाची नळी फुटली, आजोबा. सुटायच्या आधीच. आग काढून टाकली त्यातली. म्हणून डिझेल लावलं. मी सांध्यांना कुलपं लावत लावत चाललोय. माझ्यामागे काही नाही."

क्लेटन शेडकडे तोंड करून उभा राहिला. गँगमनला काहीतरी कळलं असावं, सगळं नाही. तो पेटी सरकवत म्हणाला, "तुम्हाला पलीकडे जायचं असलं तर बसा की. पुलापलीकडे सोडतो. घट्ट धरून बसावं लागेल एवढंच."

ऑस्मंडनं त्या ट्रॉलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "नको. तू जा बाळा. पुलावर सांभाळून."

क्लेटननं आम्हाला पिकअपमधून परत आणलं. घरी पोचले तर फोन वाजत होता. मर्टल रडत होती. "अगं, कुठं होतीस? नळी फुटली तेव्हापासून फिरवतेय मी फोन. तुम्ही निघून गेला होतात. हाल्वरला फोन नाही, मी काय करू? आणि ते बावटे! मी धावत गेले गं, ओरडले, विशेष गाडीला पांढरे लावतात म्हटलं. समितीच्या मिसेस पेटिग्रू म्हणाल्या, पांढरे शोभत नाहीत."

पुढच्या वसंतात रूळ उखडले. पुलाची लाकडं कुणीतरी नेली, कुठं ते कळलं नाही. हाल्वरची पाटीही गेली.

मिसेस पेटिग्रू पुढे सेज क्रीकच्या महापौर झाल्या. बावट्यांनी काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी ते हौसेनं शिवले होते. जुनं इंजिन गावच्या बागेत कुंपण घालून ठेवलंय, पोरं त्याच्यावर चढतात.

मर्टलच्या खिडकीतून यार्ड गेलं आणि तिथं मोटारींचं दुकान आलं. तिनं पडदा लावून घेतला. काही वर्षांनी तिला विसरण्याचा आजार झाला. मला फोन करून ती इंजिनांचे नंबर सांगायची, "आत्ता बघतेय गं, माझ्या डोळ्यांनी," आणि मी ऐकून घ्यायची. ती गेली.

क्लेटनचं कोठार पाडलं तेव्हा तो बघायला थांबला नाही. लेथब्रिजला मुलीकडे गेला, नाताळला कार्ड पाठवायचा. त्यानं गाड्यांचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी कॅलगरीत एका खोलीत राहते. खालून मेन लाइन जाते. इंजिनांवर आता बावटे नसतात, नियमच बदलला. नंबर अजून दिसतात मला. फोन करायला कुणी नाही.

ऑस्मंडची नजर हिवाळा संपण्याआधीच गेली. कॅमरोझच्या वृद्धाश्रमात तो पुष्कळ वर्षं जगला. मी बसनं जायची. हाल्वरचा विषय आम्ही काढत नसू. एकदा कुणी शौकिनानं त्या शेवटच्या गाडीत बसून भरलेली कॅसेट मला मिळाली, पुलावरच्या आवाजाची. मला वाटलं, निदान एवढं तरी. मी ती लावली. त्यानं शेवटपर्यंत ऐकली, हात मांडीवर ठेवून.

"पूल असा वाजत नाही," तो म्हणाला.

"अरे, हा डब्यातून ऐकलेला आहे."

"असेल. मला ओळखू येत नाही."

त्यानं चाचपडून कॅसेट काढली आणि माझ्या हातात परत दिली. तो पुढच्या पानगळीत वारला. हाल्वरला पुरा म्हणून सांगून ठेवलं होतं त्यानं, पण तिथं आता एका कंपनीची शेती आहे आणि त्यांची परवानगी मिळाली नाही.