हलका नमुना

…आणि तळहातावरचं ते काळं नळकांडं इतकं हलकं होतं, की ‘खोका दिलात, आतला माल कुठाय?’ हे विचारणं त्यानं जेमतेम टाळलं. त्याच्या नळांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात आधी प्लास्टिकचा नळ द्यायचा, मग पितळेचा, आणि मग गप्प बसायचं – बाकीचं वजन बोलतं. आता टेबलापलीकडे डॉक्टर गप्प बसले होते.

“प्लास्टिकच ना शेवटी?”

“त्यात कार्बनचे धागे. गाठीसकट तुमचा मणका काढला, की त्या जागी हे, नाहीतर टायटॅनियमचं. भार दोन्ही पेलतात. पण धातूभोवती स्कॅन विस्कटतो. यात गाठ पुन्हा आली तर लवकर दिसेल. संध्याकाळपर्यंत कळवा.”

‘पुन्हा आली तर’ – अगदी मी गिऱ्हाइकाला म्हणतो तसं. गळला तर घेऊन या.

“अहो, हे काळंच सांगा,” जिन्यात बायको म्हणाली. “घरातला गळका नळ तुम्हाला कधी दिसत नाही. निदान पाठीतलं तरी कुणाला दिसू दे.”

दुकानाशी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं : टायटॅनियम. भारदस्त नाव. विमानात वापरतात म्हणे. वाकताना माणसाला आत काहीतरी आहे असं वाटायला हवं… आणि स्कॅन विस्कटला तर विस्कटला, डॉक्टर म्हणतील नीट दिसत नाही, आणि नीट दिसत नाही म्हणजे नाहीच की! – इथे तो कुलपासमोर थबकला. म्हणजे मजबुतीबिजबुती काही नाही. मला पाठीत एक जाडजूड पडदा हवाय.

किल्लीसाठी खिशात हात घातला, तर नळकांडं निघालं. गिऱ्हाइकानं दाखवलेला तुकडा जोडी शोधायला खिशात टाकायची दुकानातली खोड! धातूचं असतं तर खिसा लोंबला असता; याचा पत्ताही लागला नव्हता.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन. “काका, नमुना चुकून तुमच्याकडे आलाय का?”

“आलाय. आणून देतो.”

“आणि कोणतं ठरलं?”

“…तेही आल्यावर सांगतो.”

त्यानं नळकांडं पुन्हा खिशात टाकलं आणि दुकान उघडलं. दोन पावलांवर थांबून चाचपलं. होतं. गल्ल्याशी बसताना पुन्हा. वजनावरून काही कळायची सोयच नव्हती. बघावंच लागत होतं – आणि आता, काय पीडा, बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.